ताप आजाराचा की लघवीचा? ऑटोइन्फ्लमेटरी आजार असलेल्या मुलांच्या मूत्राशयाची काळजी, टप्प्याटप्प्याने

मुलाला कॅप्स, एफएमएफ, ट्रॅप्स किंवा एमकेडी यांपैकी एखादा आनुवंशिक दाहाचा (ऑटोइन्फ्लमेटरी) आजार आहे, अशा घरांसाठी हा लेख आहे. जंतू नसताना ताप का येतो, सांधे-पोट का दुखतं, अंगावर पुरळ का उठतं, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं असेलच. ते पुन्हा सांगत बसत नाही.

घोटाळा होतो तो लघवीच्या बाबतीत. मूल तापलं की घरातले म्हणतात, ‘नेहमीचाच अटॅक’, आणि लघवीचं इन्फेक्शन चार दिवस तसंच राहतं. लघवीला आग होते म्हटलं की आजी म्हणते, उन्हाळी लागली असेल, सब्जा भिजत घाल. कल्चरचा (लघवीत जंतू वाढतात का ते बघण्याच्या तपासणीचा) नमुना जातो तो अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेल्यावर, मग रिपोर्ट कोराच येतो. आणि किडनीसाठीची प्रथिनांची तपासणी नेमकी १०३ ताप असताना उरकली जाते. या चारही चुका क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून क्रमाने जाऊ.

## टप्पा १ : ताप नसताना करायची तयारी

फाइलमध्ये सर्वांत वर एक पान ठेवा. त्यावर तुमच्या मुलाचा नेहमीचा अटॅक कसा असतो ते लिहा: ताप किती चढतो, किती तास टिकतो, सोबत काय काय असतं. एफएमएफचा अटॅक साधारण १२ ते ७२ तासांत ओसरतो, पोट किंवा छाती दुखते. कॅप्समध्ये पित्ताच्या गांधींसारखं पुरळ, डोळे लाल, डोकेदुखी, बऱ्याचदा थंडीने त्रास वाढतो. पण पुस्तकातलं वर्णन लिहू नका, तुमच्या मुलाचं लिहा. रात्री दोन वाजता नव्या डॉक्टरांसमोर हेच पान कामाला येतं.

त्याच पानावर चालू औषधं, डोस आणि शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ती तारीख.

घरात या वस्तू ठेवा:

- मेडिकलमधून आणलेल्या, सीलबंद निर्जंतुक डब्या, दोन-तीन. जॅमची धुतलेली बाटली किंवा औषधाची जुनी बाटली चालत नाही.
- मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग, फक्त लघवी मोजायला. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर तो स्वयंपाकघरात पोहोचतो.
- थर्मामीटर, बर्फाची पिशवी, मार्कर पेन.

सावधान: ॲनाकिन्रा, कॅनाकिनुमॅबसारखी, आयएल-१ हे दाह पेटवणारं प्रथिन रोखणारी औषधं किंवा स्टेरॉइड चालू असतील तर इन्फेक्शन असूनही ताप कमी चढू शकतो आणि दाह दाखवणारा रक्तातला सीआरपीही फारसा वाढलेला दिसत नाही. टोसिलिझुमॅबवर असलेल्या मुलात तर सीआरपीवर भिस्त ठेवूच नये. ‘ताप फक्त शंभरच आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका.

## टप्पा २ : दोन दिवसांची नोंद

डॉक्टर विचारतात, ‘दिवसातून किती वेळा जाते?’ आणि आपण अंदाजाने ‘पाच-सहा वेळा’ म्हणतो. शाळेतल्या सहा तासांत काय झालं हे आपल्याला माहीतच नसतं. म्हणून लागोपाठचे दोन सुट्टीचे दिवस निवडा, मूल बरं असताना, आणि चार रकाने आखा: वेळ, किती प्यायलं, किती लघवी झाली, चड्डी ओली की कोरडी. शौचाची नोंद मात्र पूर्ण आठवडाभर करा.

नोंद झाली की तीन गोष्टी बघा.

किती वेळा. मोठ्या मुलांत दिवसातून ४ ते ७ वेळा हे सर्वसाधारण. ३ किंवा त्याहून कमी म्हणजे मूल रोखून धरतंय किंवा पाणी कमी पितंय. ८ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना सांगा.

एका वेळी किती. ४ ते १२ वयासाठी ढोबळ हिशेब असा: वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा. सहा वर्षांच्या मुलाचं मूत्राशय साधारण २१० मिली धरतं. सकाळची पहिली लघवी या हिशेबात घेऊ नका, ती मोठीच असते. दिवसभर ५०-६० मिलीच होत असेल किंवा एकदम ४०० मिली होत असेल, तर दोन्ही सांगण्याजोगं आहे.

रोखण्याच्या खुणा. पाय एकमेकांवर आवळणं, टाचेवर बसून राहणं, खेळता खेळता एकदम थिजणं, मग धावत सुटणं. मूल नाचतंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते मूत्राशयाशी झगडत असतं.

स्टेरॉइड चालू असताना मूल अचानक खूप पाणी प्यायला आणि सारखं लघवीला जायला लागलं, तर नोंद पूर्ण व्हायची वाट बघू नका. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.

## टप्पा ३ : आधी पोट, मग मूत्राशय

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि थेट ‘दर दोन तासांनी शू’वर येतात. मला विचाराल तर अर्धं काम इथेच आहे.

गुदाशय मूत्राशयाच्या मागेच असतं. ते कडक शौचाने भरलेलं राहिलं तर मूत्राशयाला फुगायला जागा उरत नाही आणि ते नीट रिकामंही होत नाही. मागे उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. दुखऱ्या सांध्यांमुळे कमी हालचाल, अटॅकच्या दिवसांत कमी खाणं-पिणं, शाळेत शौचाला जायची लाज, यांमुळे या मुलांत बद्धकोष्ठता सहज होते.

रोज शौचाला होतं म्हणजे पोट साफ असंही नाही. रोज दोन लेंड्या आणि आठवड्याने संडास तुंबवणारी एक मोठी शी, हे बद्धकोष्ठतेचंच चित्र आहे. चड्डीला पातळ डाग लागत असतील तर ते जुलाब समजून बंद करायला जाऊ नका. साचलेल्या शौचाच्या कडेने झिरपणारा तो द्रव असतो.

करायचं काय: जेवणानंतर दहा मिनिटं, न घाई करता, पायाखाली स्टूल ठेवून बसवणं. फळं, भाज्या, ज्वारी-बाजरीची भाकरी, आणि त्याच्या जोडीला पुरेसं पाणी. एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर पीईजी किंवा लॅक्ट्युलोज ही शौच मऊ करणारी औषधं देतात आणि ते कित्येक आठवडे किंवा महिने चालतं. चार दिवसांत शौच मऊ झालं म्हणून औषध थांबवणं ही नेहमीची चूक.

एक पोटप्रश्न याच्या उलट: एफएमएफमध्ये रोज देतात त्या कोल्चिसिनने पातळ शौच होऊ शकतं. ते होत असेल तर डोस स्वतःहून कमी न करता सांगा.

तपासा: आठवड्याच्या नोंदीत बहुतेक दिवशी मऊ, न कुंथता शौच दिसतंय का? नसेल तर पुढच्या टप्प्याचा फायदा निम्माच मिळेल.

## टप्पा ४ : बसायचं कसं, कधी, आणि किती प्यायचं

नोमिड हा कॅप्सचा सर्वांत तीव्र प्रकार. त्यात काही मुलांच्या गुडघ्याजवळची हाडं वेडीवाकडी वाढतात. अशा मुलाला भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं जमत नाही. ते बोलत नाही, फक्त जायचं टाळतं. गुडघे दुखत असलेल्या कोणत्याही मुलाचं हेच होतं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत अजून उकिडवं बसायचेच संडास आहेत. घरात कमोड नसेल तर वर बसायची मजबूत कमोड खुर्ची आणा आणि बाजूला धरायला दांडी बसवून घ्या.

बसताना:

1. चड्डी घोट्यापर्यंत खाली. गुडघ्यात अडकलेल्या चड्डीमुळे पाय फाकत नाहीत आणि मुलींमध्ये लघवी योनीत मागे जाते. उठल्यावर चड्डी थोडी ओली होते ती बऱ्याचदा त्यामुळेच.
2. पाय स्टुलावर टेकलेले. लोंबकळत्या पायांनी ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत.
3. किंचित पुढे वाकून, घाई न करता. शेवटी कुंथायचं नाही.
4. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर उठून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकदा बसायचं.
5. पुसताना, धुताना हात पुढून मागे.

मुलग्यांच्या शिश्नावरची कातडी जोर लावून मागे ओढू नका. जेवढी सहज सरकते तेवढीच.

जागेपणी दर दोन ते तीन तासांनी जायचं, लागली असो वा नसो. शाळेत ‘लागली की विचार’ यावर सोडू नका. वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या: मधली सुट्टी सोडून एकदा जाऊ द्यावं, शिक्षकांचं कमोड असेल तर ते वापरू द्यावं. बाईंना सगळ्या वर्गासमोर बोट वर करून विचारावं लागू नये एवढीच अपेक्षा आहे. नोमिडमध्ये ऐकू कमी येणंही असतं, म्हणून घंटेऐवजी मनगटावर थरथरणारं घड्याळ चांगलं.

पाणी, दूध, ताक, सार सगळं धरून ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १००० ते १४०० मिली लागतं. ९ ते १३ वयात मुलींना १२०० ते २१००, मुलग्यांना १४०० ते २३०० मिली. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा तापात यापेक्षा जास्त. किडनीचा त्रास निघालेला असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तोच आकडा. सगळं पाणी संध्याकाळी शाळेतून आल्यावर पाजणं म्हणजे रात्री अंथरूण ओलं करायला आमंत्रण. निम्म्याहून जास्त दुपारपर्यंत संपवा. चहा आणि कोला टाळा.

सब्जा, धणे-जिऱ्याचं पाणी, कोकम सरबत द्यायला हरकत नाही, ते प्यायचं म्हणून. उपचार म्हणून नाही.

## टप्पा ५ : ताप आला. आता काय आधी?

1. ताप मोजा, वेळ लिहा.
2. पहिल्या टप्प्यातलं पान काढा आणि ताडून बघा. नेहमीचं पुरळ, नेहमीचे सांधे, नेहमीचा क्रम आहे का?
3. जुळत नसेल तर लघवी तपासायचीच. एरवीपेक्षा ताप लांबला, लघवीला आग होते, दिवसा चड्डी नव्याने ओली होते, कमरेत किंवा कुशीत दुखतं, उलट्या होतात, यांतलं काहीही असेल तरी तपासायचीच. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर तापाचं दुसरं कारण उघड दिसत नसताना लघवी तपासल्याशिवाय ‘अटॅक’ म्हणू नये. नुसता वास आला म्हणजे इन्फेक्शन, असं मात्र नाही.
4. नमुना आधी, अँटिबायोटिक नंतर. घरातलं उरलेलं सिरप अजिबात नाही.
5. मग आजाराच्या डॉक्टरांना फोन. ॲनाकिन्रा किंवा पुढचं इंजेक्शन द्यायचं की थांबायचं हे तेच ठरवतील. रोजचं कोल्चिसिन किंवा स्टेरॉइड मनाने बंद करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

उलट्या होत असताना, पाणी पोटात टिकत नसताना आयबुप्रोफेन टाळा. कोरड्या शरीरात त्याचा किडनीला त्रास होतो.

सावधान: मूल कोल्चिसिनवर असेल तर अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना ते सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनमुळे कोल्चिसिनची रक्तातली पातळी घातक होऊ शकते. सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी सांगा.

### थेट रुग्णालयात कधी

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप.
- आठ तासांत लघवीच नाही, किंवा लागली आहे पण होत नाही.
- ताप आणि थंडी वाजून हुडहुडी, मूल सुस्त.
- लघवीत उघड रक्त.
- पायांत नव्याने अशक्तपणा किंवा बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा गेलेला.
- मुलाच्या अंडकोशात अचानक तीव्र दुखणं. एफएमएफमध्ये अंडकोशालाही सूज येते हे खरं, पण अंडकोशाला पीळ पडला असेल तर हातात काही तासच असतात. ‘अटॅक असेल’ हा निर्णय घरी घ्यायचा नाही.

## टप्पा ६ : कल्चरसाठी नमुना

नमुन्याआधी दोन-तीन ग्लास पाणी पाजून लघवी ‘आणायची’ नाही. ती पातळ होते आणि रिपोर्ट फसतो. शेवटच्या लघवीनंतर काही तास गेलेले असतील तर उत्तम.

1. तुमचे हात साबणाने धुवा.
2. मुलाचा भाग साध्या कोमट पाण्याने पुढून मागे धुवा, स्वच्छ कपड्याने टिपा. जंतुनाशक द्रव वापरू नका. त्याचा थेंब डबीत गेला तरी जंतू मरून कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.
3. मुलीला कमोडवर उलटं, टाकीकडे तोंड करून बसवा. पाय आपोआप फाकतात.
4. डबी उघडा. झाकण आतली बाजू वर करून कोरड्या, स्वच्छ जागी ठेवा. बेसिनच्या ओल्या कडेवर पालथं टाकलेलं झाकण, हा नमुना बिघडण्याचा ठरलेला रस्ता. आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका.
5. पहिली धार जाऊ द्या. मधली धार डबीत घ्या. धार संपण्याआधी डबी बाजूला.
6. झाकण घट्ट लावा. नाव, तारीख, नमुना घेतल्याची वेळ लिहा. अँटिबायोटिक आधीच गेलं असेल तर तेही लिहा.
7. तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे, आणि २४ तासांच्या आत बर्फाच्या पिशवीसोबत न्या. स्कूटरच्या डिकीत दुपारी दोन तास राहिलेल्या डबीत जंतू मजेत वाढतात आणि रिपोर्टला तुमच्या मुलाशी काही देणंघेणं उरत नाही.

लहान बाळांसाठी: दूध पाजून, लंगोट काढून, उघडी डबी हातात घेऊन वाट बघायची. वेळ खाणारं काम आहे, दोघं जण लागतात. चिकटपट्टीच्या पिशवीतला नमुना कल्चरला पाठवू नका, त्यात त्वचेवरचे जंतू हमखास येतात. अशा पिशवीतली साधी तपासणी स्वच्छ आली तर इन्फेक्शनची शक्यता कमी होते, एवढाच तिचा उपयोग. काही दिसलं तर पुन्हा नीट नमुना हवा. बाळ आजारी असेल तर डॉक्टर बारीक नळीने नमुना घेतात. आई-वडिलांना ते बघवत नाही हे समजू शकतं, पण घाईच्या वेळी खात्रीचा एक नमुना तीन संशयास्पद नमुन्यांपेक्षा बरा. डायपर पिळून नमुना देऊ नये.

## टप्पा ७ : रिपोर्ट हातात आला

समजा कागदावर असं आहे: ‘पस सेल्स १०-१२, एपिथेलियल सेल्स भरपूर, नायट्राइट निगेटिव्ह, कल्चर: मिक्स्ड ग्रोथ.’ हे वाचून घरात ‘इन्फेक्शन निघालं’ अशी बातमी पसरते. खरं तर यातून इन्फेक्शन आहेही ठरत नाही आणि नाहीही. एपिथेलियल सेल्स भरपूर म्हणजे त्वचा लागली. मिक्स्ड ग्रोथ म्हणजे अनेक जंतू एकदम, बहुधा बाहेरून आलेले. पस सेल्स (लघवीतल्या पांढऱ्या पेशी) ५ पेक्षा जास्त आहेत, पण जंतू नसतानाही त्या दिसू शकतात. आणि नायट्राइट, म्हणजे काही जंतू लघवीत बनवतात तो पदार्थ, तयार व्हायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास थांबावी लागते. बाळं इतका वेळ धरतच नाहीत, शिवाय काही जंतू नायट्राइट करतही नाहीत. थोडक्यात, नमुना पुन्हा घ्या. अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

कल्चरमध्ये एकच जंतू, बहुधा ई. कोलाय, भरघोस वाढलेला आणि मुलाला त्रासही आहे, तर ते इन्फेक्शन. कल्चर यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर औषध थांबवायचं नसतं, आणि ‘सेन्सिटिव्हिटी’ (त्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते) आल्यावर ते बदलावं लागलं तर घाबरू नका. उलट मुलाला काहीच त्रास नसताना सहज केलेल्या कल्चरमध्ये जंतू आला, तर बहुतेक वेळा औषध लागत नाही.

सोनोग्राफी सांगितली असेल तर: मूत्राशय भरलेलं हवं, फुटायला आलेलं नको. बाटलीभर पाणी पाजून तासभर रडवलेलं मूल नंतर पूर्ण रिकामं होऊ शकत नाही, आणि ‘लघवी मागे उरते’ असा चुकीचा शेरा मिळतो.

## टप्पा ८ : प्रथिनांची तपासणी, वेगळ्या दिवशी

ही इन्फेक्शनची तपासणी नव्हे. दाह वर्षानुवर्षं आटोक्यात राहिला नाही तर एए अमायलॉइड नावाचं प्रथिन किडनीत साचतं, आणि त्याची पहिली खूण म्हणजे लघवीतून जाणारी प्रथिनं. दुखत नाही, दिसत नाही. म्हणून ठरावीक काळाने, बऱ्याचदा सहा महिन्यांनी, लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी (किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) प्रमाण काढतात. दोन वर्षांवरच्या मुलात ते ०.२ पेक्षा कमी असायला हवं.

1. ताप, अटॅक, लघवीचं इन्फेक्शन असताना ही तपासणी करू नका. तापाने आणि दमणाऱ्या खेळानेही प्रथिनं तात्पुरती वाढतात. मूल बरं होऊन काही दिवस गेले की करा. आदल्या संध्याकाळी क्रिकेटचा सामना नको.
2. रात्री झोपण्याआधी मूत्राशय पूर्ण रिकामं करवा.
3. सकाळी उठल्या उठल्या, पलंगावरून उतरून इकडेतिकडे फिरण्याआधीची पहिली लघवी घ्या. वाढत्या वयातल्या काही निरोगी मुलांतही दिवसभर उभं राहिल्याने प्रथिनं उतरतात. दुपारच्या नमुन्यात ती दिसली की घरभर विनाकारण धास्ती.
4. प्रमाण जास्त आलं तर एकाच रिपोर्टवर निष्कर्ष नको, सकाळच्याच लघवीवर तपासणी पुन्हा करतात. दुसऱ्यांदाही जास्त आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. पायावर, पापण्यांवर सूज किंवा लघवीला न विरणारा फेस असेल तर पहिल्याच वेळी फोन करा.

किडनीचं काम मंदावलेलं निघालं तर ॲनाकिन्रा आणि कोल्चिसिन या दोन्हींचा डोस नव्याने ठरवावा लागतो, कारण दोन्ही औषधं शरीराबाहेर जाण्यात किडनीचा वाटा आहे. त्यामुळे हा रिपोर्ट ज्या लॅबमधून आला तिथेच फाइलबंद होऊ देऊ नका. तपासणी बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिली असली तरी प्रत आजार बघणाऱ्या डॉक्टरांकडे जायला हवी, आधीच्या रिपोर्टसह, म्हणजे आकडा वर चाललाय की स्थिर आहे ते त्यांना दिसेल.